खिंडीतलं संत्रं

परवा यामनाने संत्रं दातांनी सोललं. झालं ते एवढंच, पण तेव्हापासून ते माझ्या डोक्यातून जात नाही.

रात्रीचं जेवण आटोपलं होतं. आमच्या हॉलंडच्या पाहुण्याने, वाउटरने, मराकेशहून पिशवीभर संत्री आणली होती, ती परातीत ठेवून आम्ही शेगडीभोवती बसलो होतो. वाउटर बोटांनी साल काढत होता, मी काढत होते, यामनाचे वडील तर एका दमात अख्खी साल गोल उतरवतात आणि सगळ्यांना दाखवतात. यामनाने मात्र संत्रं उचललं, देठाशी दात लावले आणि साल ओढून काढली.

"हे काय गं?" मी विचारलं.

"आळस, इम्मी. दिवसभर खेचरांवरचं सामान आवळत होते."

"बोटं दुखतायत का?"

"ला बास," ती म्हणाली आणि दुसरी फोड तोंडात टाकली.

ला बास म्हणजे काही वाईट नाही, ठीक आहे. आमच्या खोऱ्यात 'कसं काय' या प्रश्नाला एवढं एकच उत्तर आहे, आणि पुष्कळदा प्रश्नही याच शब्दांत असतो. पाय मोडून खाटेवर पडलेला माणूसही ला बासच म्हणतो. माझ्या सासऱ्यांनी शेवटच्या दिवशी डॉक्टरला ला बास सांगितलं होतं, आणि डॉक्टर बिचारा परगावचा, तो खरं मानून चहा घ्यायला बसला.

दुसऱ्या कुणी दातांनी संत्रं सोललं असतं तर मी विसरूनही गेले असते. पण माझी मुलगी हिवाळ्यात परदेशी पाहुण्यांना तुबकालच्या, म्हणजे आमच्या सगळ्यात उंच डोंगराच्या, शिखरावर नेते, आणि कुणाला पुढे न्यायचं, कुणाला परत फिरवायचं, हे ती संत्र्यावरून ठरवते.

यामना माझी धाकटी, मला इम्मी, म्हणजे आई, म्हणते. मी या खोऱ्यातली कॉलेजात गेलेली पहिली मुलगी. मराकेशला भूगोल शिकले आणि परत येऊन खालच्या गावच्या शाळेत शिकवू लागले. त्यामुळे माझ्या मुलीने माझ्याही पुढे जावं, अशी माझी फार इच्छा. औषधांच्या दुकानात पांढरा कोट घालून उभी राहिलेली यामना मला कित्येक वर्षं डोळ्यांसमोर दिसायची. तिला स्वतःला ती कधी दिसली नाही.

शाळा आमच्या घरापासून पाऊण तास खाली. बर्फ पडला की आमच्या वाडीतली आठ-दहा मुलं रांगेने निघायची आणि मी सगळ्यांच्या मागे. यामना नऊ वर्षांची असेल. त्या दिवशी बर्फ मुलांच्या गुडघ्यांपर्यंत आलेला होता. ती न सांगता पुढे गेली आणि वाट पाडू लागली. थोड्या वेळाने माझ्या लक्षात आलं की ती फार हळू चालतेय. मला वाटलं दमली.

"यामना, मोठी पावलं टाक, उशीर होतोय."

"मोठी टाकली तर सफियाचा पाय त्यात पोचत नाही," ती वळूनही न बघता म्हणाली. सफिया तेव्हा सहा वर्षांची, रांगेतली सगळ्यात लहान.

मी भूगोलाची पदवी घेतलेली बाई, मला हे सुचलं नव्हतं. शाळेला उशीर झाला, पण एकाही मुलाच्या बुटात बर्फ गेला नाही. आजही ती पाहुण्यांपुढे तशीच चालते. लांब ढांगांची माणसं पहिल्या तासाला वैतागतात. पाचव्या तासाला त्यांना कळतं की आपण अजून चालतोय ते त्या पावलांमुळे.

मराकेशला दोन वर्षं इंग्रजी शिकून ती परत आली आणि मला म्हणाली की गाईडच्या प्रशिक्षणाचा अर्ज भरलाय. मी तीन दिवस तिच्याशी बोलले नाही. चौथ्या दिवशी तिचे मोठे काका, दाद्दा बेलईद, घरी आले. त्यांनी तीस वर्षं लोकांना तुबकालवर नेलं होतं. आता गुडघे गेल्यामुळे वरच्या दगडी निवाऱ्यात स्वयंपाकघर सांभाळतात.

"शिक्षिकाबाई," ते मला चिडवायला असंच म्हणतात, "पोरगी पास झाली तर मी शिकवीन. नापास झाली तर तुमचा पांढरा कोट आहेच की."

ती पास झाली, वर्गात दुसरी आली. पहिला कोण आला ते मी अजून विचारलेलं नाही.

संत्र्याची गोष्ट दाद्दा बेलईदची. फार वर्षांपूर्वी ते दोन भावांना घेऊन वर गेले होते. दर थांब्यावर दोघांना विचारलं, कसं वाटतंय, आणि दर वेळी दोघांनी छान सांगितलं. खाली आल्यावर धाकट्याचा बूट काढला तर अंगठा काळा पडला होता. तेव्हापासून दाद्दांनी विचारणं सोडून दिलं. "माणसाचं तोंड चारचौघांत वाढलेलं असतं," ते म्हणतात, "ते चांगलंच बोलणार. बोटांना रीतभात कुणी शिकवलेली नसते."

निवाऱ्यातून पहाटे चारला निघालं की साडेसातच्या सुमाराला खिंड लागते. वारा खरा भेटतो तो तिथे, आणि तिथून शिखर समोर दिसतं. आमच्याकडे हिवाळ्यात संत्र्यांना तोटा नाही, सगळ्यांच्या खिशात असतात. दाद्दा खिंडीत प्रत्येकाच्या हातात एक संत्रं ठेवायचे आणि म्हणायचे, हातमोजा काढा, सोला, खा. पाहुण्यांना वाटायचं हा पाहुणचार आहे. पाहुणचार होताच, पण दाद्दांचं लक्ष बोटांवर असायचं. नख सालीत शिरतंय का, अंगठा जोर देतोय का. दहा श्वासांत साल निघायला लागली तर वर. संत्रं हातातून पडलं तर खाली, मग तो कुणीही असो.

यामनाने हे जसंच्या तसं उचललं. फक्त तिने एक भर घातली. साली कुणाला टाकू देत नाही, स्वतः फिरून गोळा करते आणि खिशात घालून खाली आणते. तिच्या जाकिटाला सबंध हिवाळा संत्र्याचा वास येतो.

पहिली दोन वर्षं गावातल्या पुरुषांनी तिला फार छळलं. छळलं म्हणजे विनोद केले. रस्त्याच्या कडेला हमादची चहाची टपरी आहे, त्याच्यासमोरूनच यावं लागतं. पाहुणा शिखर न गाठता परत आला की हमाद केटली हातात घेऊन उभाच.

"यामना, लवकर आलीस. शिखर जागेवर होतं ना?"

"होतं की. तुझी चौकशी करत होतं. म्हणालं, तो केटलीवाला इतकी वर्षं नुसता खालून बघतोय."

टपरीवर बसलेले सगळे हसायचे आणि हमाद तिला शीबाचा कडू पाला घातलेला चहा फुकट पाजायचा. आता परत फिरलेल्या पाहुण्यालाही तोच समजावतो की यामनाने फिरवलं म्हणजे बरोबरच असणार.

गेल्या फेब्रुवारीत वाउटर पहिल्यांदा आला. हॉलंडमधला बेकर, वय बासष्ट. त्याच्या गावात समुद्र रस्त्यापेक्षा उंच आहे म्हणे. शिखराआधी उंचीची सवय व्हावी म्हणून तो तीन दिवस आमच्याकडे राहिला. दुसऱ्या दिवशीच माझ्या चुलीपाशी बसून सातूच्या पिठाला हात घातला. माझी सासू असती तर बेशुद्ध पडली असती. पण त्याचे हात बघण्यासारखे होते, रुंद, भाजल्याच्या जुन्या डागांनी भरलेले. गरम तव्यावरची भाकरी तो फडक्याशिवाय उलटायचा.

"हाताला कळत नाही का?" मी फ्रेंचमध्ये विचारलं.

"चाळीस वर्षं भट्टीसमोर आहे, मादाम. हातांनी तक्रार करणं सोडून दिलंय."

मला तो आवडला आणि म्हणून मी त्याला आमच्या रीती शिकवल्या. वाढप आलं की दोनदा नको म्हणायचं, तिसऱ्यांदा घ्यायचं. भाकरी उजव्या हाताने तोडायची. आणि कुणी 'कसं काय' विचारलं की काहीही झालेलं असो, ला बास म्हणायचं. तो शाळेतल्या मुलासारखा घोकत बसायचा. हमादला ला बास, खेचराला ला बास. यामना हसून लोळायची.

"इम्मी, तू याला आपल्यातलाच करून टाकणार."

"चांगलंच की," मी म्हटलं. बोलायला माझं काय गेलं.

ते चौथ्या दिवशी वर निघाले. पुढचं मला यामनाने आणि वाउटरने वेगवेगळं सांगितलं, पण दोघांचं जुळतं.

निवाऱ्यात संध्याकाळी दाद्दांना मदत करायला म्हणून वाउटरने पातेल्यांत बर्फ भरून दिला. आतले हातमोजे ओले झाले. ते वाळत टाकायला हवेत हे त्याला सुचलं नाही आणि कुणाच्या पाहण्यातही आलं नाही. पहाटे तेच ओले मोजे घालून तो निघाला. पहिल्या तासानंतर उजव्या हाताची बोटं दुखली, दुसऱ्या तासानंतर दुखायची थांबली. यामनाने वाटेत तीनदा विचारलं, आणि तिन्ही वेळा तो हसून, उच्चार अगदी बरोबर करून म्हणाला, "ला बास."

खिंडीत तिने संत्रं दिलं.

"भूक नाही," तो म्हणाला.

"भुकेसाठी नाही. सोल."

त्याने हातमोजा काढला. बोटं सालीवरून नुसती घसरत राहिली. संत्रं निसटलं, कडक बर्फावर पडलं आणि उतारावरून उड्या मारत गेलं. दोघंही ते दिसेनासं होईपर्यंत बघत राहिले. मग यामनाने त्याचा हात हातात घेतला. चार बोटं मेणबत्तीसारखी पांढरी.

"परत," ती म्हणाली.

"ते बघ, शिखर समोर आहे. किती लागेल, वीस मिनिटं?"

"एक तास. आणि तुझ्या बोटांकडे वीस मिनिटंही नाहीत."

"यामना, मी बासष्ट वर्षांचा आहे. परत कधी येणार?"

"बोटं असली तर येशील. पुढच्या वर्षीही डोंगर इथेच असणार आहे."

तो चिडला. पैसे मी दिलेत, बोटं माझी आहेत, असं बरंच बोलला. यामनाने त्याला बोलू दिलं आणि बोलणं चालू असतानाच स्वतःचे मोजे काढून त्याच्या हातांत चढवले. आमच्या मेंढ्यांच्या लोकरीचे, मी विणलेले, अंगठा तेवढा वेगळा असलेले जाड मोजे. तिच्या हातांत राहिले फक्त आतले पातळ. आपला सुटा जोड तिने पहाटे निवाऱ्यात दुसऱ्या एका पाहुणीला दिला होता. त्या पातळ मोज्यांनी दोन तास तिने वाउटरचा दोर धरला, बर्फाची कुऱ्हाड रोवत एक एक पाऊल त्याला खाली आणलं. 

घरी पोचल्यावर मी कोमट पाणी केलं. त्याला वाटत होतं पाणी कढत हवं, भट्टीवाला माणूस. मी त्याचे दोन्ही हात घमेल्यात बुडवून धरले. बधिर बोटांत जीव परत येतो तेव्हा काय होतं ते ज्याने भोगलंय त्यालाच माहीत. त्याचे ओठ निळे झाले, डोळ्यांतून पाणी गळायला लागलं आणि मी विचारलं, "फार दुखतंय?"

"ला बास, मादाम," तो म्हणाला.

मी हे शब्द दिवसातून पन्नास वेळा ऐकते. त्या दिवशी ते मला ऐकवेनात. ते माझ्याच शिकवण्याने डोंगरावर गेले होते.

त्याची चारही बोटं वाचली. दोन दिवसांनी त्याने यामनाची माफी मागितली, तीही पीठ मळता मळता. यामनाच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं मात्र बधिर झाली होती. ते आम्हाला आठवड्याने कळलं, तेही तिथली कातडी निघायला लागली म्हणून. मराकेशच्या डॉक्टरने सांगितलं, जाणीव परत येईल, सहा महिने किंवा वर्ष जाईल. उन्हाळ्यात मी विचारलं, ला बास. सफरचंदं उतरवताना विचारलं, ला बास.

या वर्षी वाउटर पुन्हा आला. त्याने तारीख सहा महिने आधी ठरवली होती आणि लिहिलं होतं की यामना नेणार असेल तरच. दोन जोड हातमोजे घेऊन आलाय आणि तिसरा जोड यामनासाठी. काल सकाळी ते दोघं वर गेले. निघताना मी तिच्या हातांकडेच बघत होते. खेचराची दोरी तिने दोन्ही हातांनी आवळली, गाठ पक्की बसली, झटक्यात. मग मी तिच्या जाकिटाची चेन बघितली. चेनला दोरीचं वेटोळं बांधलेलं होतं, दातांत धरून ओढता येईल एवढं मोठं. डोंगरावरचे सगळेच तसं बांधतात, मोजे घातलेले असताना चेन पकडता येत नाही म्हणून. ते वेटोळं गेल्या वर्षी होतं का, ते मला आठवेना.

मी तेव्हाच विचारायला हवं होतं. पण वाउटर शेजारी उभा होता. पाहुण्यासमोर त्याच्या गाईडच्या बोटांबद्दल कसं बोलायचं? मी म्हटलं, "सांभाळून जा, ला बास?" ती म्हणाली, "ला बास, इम्मी." आणि गेली.

काल दिवसभर शाळेत मी मुलांना नद्या शिकवत होते, आणि खिंडीत काय होतं ते मनात पुन्हा पुन्हा बघत होते. तेव्हा माझ्या लक्षात आलं. खिंडीत सगळे संत्रं सोलतात, एकटी यामना सोलत नाही. ती वाटते, बघते, साली गोळा करते. हे काम सुरू केल्यापासून तिच्या बोटांकडे खिंडीत कुणी बघितलेलंच नाही.

दाद्दा बेलईदला फोन करून सांगावं, असं पहिल्यांदा मनात आलं. पहाटे निघताना गुपचूप तिच्या हातात एक संत्रं द्या आणि बघा. ते करतीलही. पण मला ते पटेना. ही मुलगी नऊ वर्षांची असताना मी मागून ओरडले होते, मोठी पावलं टाक. तेव्हाही तिच्यापाशी कारण होतं, आणि विचारल्यावर तिने ते सरळ सांगितलं होतं. मी सरळ विचारलेलं नाही, एवढाच घोळ आहे. 'बोटं दुखतायत का' हा प्रश्न ला बास म्हणण्यासाठीच असतो.

तिच्याबद्दल मला एका गोष्टीची पूर्ण खात्री आहे. संत्रं तिच्या हातून पडलं तर ती वाद घालणार नाही. ज्या मुलीने शिखर एका तासावर असताना चिडलेल्या माणसाला मागे आणलं, ती स्वतःसाठी वेगळा नियम करणार नाही. निवाऱ्यात आज दुसरे दोन गाईड आहेत, वाउटरचा दोर ती त्यांच्यातल्या एकाच्या हातात देईल आणि दाद्दांबरोबर भाकऱ्या भाजत बसेल. वाउटर कुरकुरेल. कुरकुरू दे, त्याला मागच्या वर्षीचं सगळं आठवतंय. आणि साल निघाली, तर ती वर जाईल आणि मी शाळेत जाईन, आणि आज नद्या नीट शिकवेन.

यामनाचे वडील आत घोरतायत. त्यांना कधी काळजी वाटत नाही, कारण ती मी करते. साडेतीन वाजत आले. वर दाद्दांनी चहाचं पाणी ठेवलं असेल. निवाऱ्यात फोन फक्त स्वयंपाकघराच्या खिडकीशी लागतो, त्यामुळे उचलतील तेच. विचारतील, शिक्षिकाबाई, ला बास? त्यांना मी म्हणेन, यामनाला द्या. मग तीही तेच विचारेल, सवयीने, डोळे चोळत.

तिला मी सांगणार आहे, "नाही गं. मला भीती वाटतेय. एक संत्रं घे, दाद्दांसमोर उभी राहा आणि बोटांनी सोल. मी फोन धरून ठेवते."

नंबर लावते आता.